एकट्या राहणाऱ्या आईचा मधुमेह आणि रक्तदाब बोलणाऱ्या यंत्राच्या मदतीने सांभाळता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की, ७४ वर्षांच्या आई गावी एकट्या राहतात, त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, बारीक अक्षर वाचता येत नाही, आणि अशा स्थितीत बोलण्यावर चालणारा स्पीकर किंवा फोनमधील सहायक गोळ्यांच्या वेळा आणि तपासणीच्या नोंदी सांभाळू शकेल का. मी डॉक्टर नाही. माझे वडील ७८ वर्षांचे असून मिरजेत एकटे राहतात, मी पुण्यात असतो, आणि गेली तीन वर्षे आम्ही हाच प्रयोग करीत आहोत. घड्याळाचे आणि वहीचे काम यंत्र बऱ्यापैकी करते. गोळी खरोखर पोटात गेली की नाही हे मात्र त्याला कळत नाही, आणि औषधाचे प्रमाण ठरवण्याचे काम तर त्याच्याकडे अजिबात सोपवू नये.

पहिली अडचण भाषेची आहे. अलेक्साला २०१९ पासून हिंदी समजते, परंतु मराठीत पूर्ण संवाद साधणारा घरगुती स्पीकर आम्हाला मिळाला नाही. फोनवर गूगल असिस्टंट २०१८ पासून, तर जेमिनीचे अॅप २०२४ पासून मराठीत बोलते. आम्ही आधी स्पीकर आणला आणि त्याला हिंदीत आठवणी लावून दिल्या. दिवाळीला मी घरी असताना सकाळी आठ वाजता तो बोलला, बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता "हो हो, घेतो" म्हटले, मग "बंद हो जाओ" असा हुकूम सोडला आणि यंत्र आज्ञाधारकपणे गप्प झाले. साडेअकरा वाजता ती गोळी चहाच्या बशीशेजारी तशीच पडलेली होती. हिंदीतला तो आवाज त्यांच्या लेखी आकाशवाणीसारखा झाला होता: ऐकू येतो, पण आपल्याशी बोलत नाही.

त्यानंतर आम्ही माझ्या मुलीच्या आवाजात वाक्ये ध्वनिमुद्रित केली आणि तीच बाबांच्या फोनच्या गजराला लावली. "आजोबा, आधी नाश्ता समोर घ्या, मग सकाळच्या कप्प्यातली गोळी." नातीशी ते वाद घालत नाहीत, हा फायदा आहेच, पण त्या वाक्यात जेवण आधी आणि गोळी नंतर येते, हे अधिक महत्त्वाचे. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन न्याहारी टळली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उलट थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. म्हणून नुसते "औषधाची वेळ झाली" हे वाक्य अपुरे आहे, आणि प्रत्येक गोळीचे वाक्य डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून ठरवावे. वाक्यात आजाराचे नाव घेऊ नका. लघवीच्या गोळीची जाहीर घोषणा पाहुण्यांसमोर झाली, तेव्हा बाबांनी दोन दिवस फोनच बंद ठेवला होता. आठवड्याच्या कप्प्यांची डबी बहीण रविवारी भरून जाते. रिकामा कप्पा हाच आमचा पुरावा, यंत्राचे "झाले" नव्हे.

नोंदींच्या बाबतीत आम्ही अधिक ठेचकाळलो, आणि तेही अस्सल मराठी कारणाने. बाबांच्या पिढीला आकडे पाव-अर्ध्यांत बोलण्याची सवय आहे. ग्लुकोमीटरवर १७५ दिसले की ते "पावणेदोनशे" म्हणतात, १२५ दिसले की "सव्वाशे". आम्ही वापरत असलेल्या एका अॅपने पावणेदोनशेचे २०० केले आणि सव्वाशेचे १००, त्यामुळे महिन्याच्या आलेखात साखर झोके घेताना दिसू लागली आणि डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून "जेवणाच्या वेळा पाळत नाही का?" असे विचारले. दुसरा धोका याहून बारीक आहे. कवळी काढून बोललेले "एकोणसत्तर" आणि "एकोणऐंशी" यांत यंत्र चुकू शकते, आणि ६९ म्हणजे साखर कमी पडल्याची खूण, तर ७९ म्हणजे काळजीचे कारण नाही; सीमारेषा ७० ची आहे. आता बाबा मीटरवर दिसतात तसे सुटे अंक वाचतात: "एक, सात, पाच, उपाशीपोटी." रक्तदाबही तसाच, आधी वरचा, मग खालचा, आणि तोही पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून घेतलेला.

साखर ७० च्या खाली गेली तर काय, हा भाग तुमच्या आई एकट्या असल्याने सर्वांत गंभीर आहे. अशा वेळी घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो आणि बोलणे अडखळते. म्हणजे बोलून मदत मागायची वेळ येते नेमकी तेव्हाच यंत्राला त्यांचे बोलणे न कळण्याची शक्यता सर्वाधिक असते. शिवाय घरगुती स्पीकरवरून १०८ ला फोन लागेल असे गृहीत धरू नका, आणि वीज गेली की तो मुका होतो. आम्ही बाबांच्या उशाशी बटणांचा साधा फोन ठेवला आहे, त्यातले एक बटण दाबून धरले की शेजारच्या काकूंना फोन लागतो. साखरेची डबीही तिथेच असते: १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, हे काकूंनाही सांगून ठेवले आहे.

यंत्र इन्सुलिनचे प्रमाण सांगू शकते, असेही तुम्ही वाचले असेल. २०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ३२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका गटाला घरातले यंत्र रोज साखर विचारून इन्सुलिनचे प्रमाण सांगत असे, आणि त्या गटातल्या निम्म्या रुग्णांनी १५ दिवसांत योग्य प्रमाण गाठले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात ५६ दिवसांतही निम्मे रुग्ण तिथवर पोहोचले नाहीत. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, परंतु तिथे प्रमाण बदलण्याचे नियम डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेले होते आणि रुग्णांचे सरासरी वयही सुमारे पंचावन्नच होते. बाजारातल्या सर्वसाधारण सहायकाला "आज किती युनिट घेऊ?" असे विचारणे ही निराळीच गोष्ट आहे. तो आत्मविश्वासाने उत्तर देईल, हीच भीती आहे.

आमच्याकडे सर्वांत उपयोगी ठरलेली सोय सर्वांत साधी आहे. बाबा रोज सकाळी आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेशाने पाठवतात आणि बहीण ते वहीत उतरवते. मागच्या मार्चमधील एका संदेशात आकडे नेहमीसारखेच होते, पण तेवढे एक वाक्य बोलताना ते दोनदा थांबले आणि मधला श्वास ऐकू आला. बहीण त्याच दुपारी गेली, तेव्हा पायांवर सूज होती आणि तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलेले होते; डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून गोळ्या बदलल्या. अॅपमध्ये फक्त आकडे गेले असते.

तेव्हा स्पीकर विकत घेण्याआधी महिनाभर आईंच्या सध्याच्या फोनवरच सुरुवात करा. गजर तुमच्या किंवा नातवंडांच्या आवाजात लावा, आणि शक्यतो जाड, संथ आवाज निवडा, कारण वयोमानाने आधी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. रोजचा आवाजी संदेश कोण ऐकणार, आणि नऊ वाजेपर्यंत तो आला नाही तर घरी कोण जाणार, ही दोन नावे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आमचा स्पीकर अजून आहे. त्यावर बाबा संध्याकाळी अभंग ऐकतात.