मुठेचा फोटो: एकच जागा, वर्षभर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. पुण्यातल्या मुठा नदीचे फोटो मिळाले. फेसाचा चांगला आलाय, थर्माकोलवर बसलेल्या बगळ्याचा त्याहून चांगला. पण पाहणारा "अरेरे" म्हणेल आणि पुढचा फोटो बघेल. नदी वर्षभर अशीच असते का, कधी बदलते, कशाने बदलते, यातलं काहीच त्याला कळणार नाही. ते दाखवायचं असेल तर एक जागा धर, एक चौकट ठरव आणि वर्षभर दर रविवारी तिथूनच फोटो काढ.

ऑस्ट्रेलियात 'कोस्टस्नॅप' हा उपक्रम २०१७ पासून चालू आहे. किनाऱ्यावर मोबाइल टेकवायला पोलादी खाच बसवलेली असते. येणारेजाणारे तिथून फोटो काढतात आणि त्यावरून किनारा किती पुढेमागे झाला ते मोजतात. पुलावर तुला अशी खाच कोणी बसवून देणार नाही, तेव्हा जागा नजरेनेच पक्की करावी लागेल.

झेड ब्रिजवरून भिडे पूल चौकटीत येईल अशी जागा बघ. भिडे पूल बसका आहे, त्यामुळे पाणी किती चढलं हे वेगळी पट्टी न लावता कळतं. आता तुझ्या जवळची एक न हलणारी वस्तू, समजा कठड्याचा खांब, आणि पलीकडच्या काठावरच्या इमारतीचा कोपरा एका रेषेत आण. अशी एक जोडी डावीकडे शोध, एक उजवीकडे. एका जोडीने फक्त रेषा ठरते, दुसरीने त्या रेषेवरचा बिंदू. एकच जोडी धरली तर दोन पावलं पुढेमागे झालेलं लक्षातही येत नाही आणि सहा महिन्यांनी फोटो एकमेकांवर बसत नाहीत. झाड किंवा जाहिरातीचा फलक खूण म्हणून घेऊ नकोस, दोन्ही कधी जातील याचा भरवसा नाही. लेन्सची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेव. पहिला फोटो छापून खिशात ठेव आणि दर वेळी त्याच्याशी ताडून बघ. पुलावर रंगाने खुणा करायच्या नाहीत, हे सांगायला नको.

मुठा शहरातून साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड असेल तर सकाळचं ऊन पाठीशी येतं, खालच्या अंगाला असेल तर संध्याकाळचं. भर दुपारी नको, पाणी नुसतं चकाकतं. एकदा वेळ ठरली की ती बदलायची नाही.

कॅमेरा असेल तर सगळं हाताने लाव: लेन्सचं छिद्र एफ/८, संवेदनशीलता आयएसओ २००, रंग ठरवणारा व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली. ऑटो व्हाइट बॅलन्स दर आठवड्याला पाण्याला वेगळा रंग देतो आणि मग नदी बदलली की कॅमेऱ्याचं मत, हे सांगता येत नाही. पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड धर, पुढे रंग जुळवायला तोच आधार. गाड्या गेल्या की पूल थरथरतो, म्हणून शटर सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा सावकाश नको. मोबाइल असेल तर मुख्य लेन्स, १एक्स. अल्ट्रावाइड नाही, झूम नाही. 'एआय सीन' किंवा तसलं जे काही असेल ते बंद कर. ते पाणी निळं आणि झाडं हिरवीगार करून ठेवतं, म्हणजे जे नोंदवायला आलो तेच पुसून टाकतं.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, वापरायचा तर फोटो दोन काढ, एक त्याच्याशिवाय. पाण्यावरची चकाकी त्याने सगळ्यात जास्त कापली जाते ती नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तेव्हा. पण त्या चकाकीबरोबर तेलाच्या तवंगाचे रंगही जाऊ शकतात, म्हणून नोंदीचा फोटो बिनफिल्टरचाच.

फोटोइतकीच वही महत्त्वाची. तारीख, वेळ, आभाळ, वारा, वास, फेस, जलपर्णी. पावसाळ्यात वरच्या खडकवासला धरणातून किती पाणी सोडलं, म्हणजे विसर्ग किती, ते जलसंपदा विभाग जाहीर करतो, पेपरातही येतं. तो क्युसेकमधला आकडा लिही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. विसर्ग चालू असेल त्या आठवड्यात रोज जा, पण उभं राहायचं ते झेड ब्रिजवरच. भिडे पुलाकडे किंवा नदीपात्रातल्या रस्त्यावर उतरायचं नाही.

वहीशिवाय फोटो फसवतो तो असा. मार्चमध्ये पात्रभर जलपर्णी, पुढच्या रविवारी पाणी मोकळं. नदी साफ झाली? वाऱ्याने ती खालच्या पुलाला जाऊन अडकली असेल, किंवा यंत्र लावून काढली असेल. शिवाय जलपर्णीचा फोटो पाहून "किती छान हिरवळ" म्हणणारे भेटतीलच. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती माजते, हे फोटो सांगत नाही, शब्दांत लिहावं लागतं. फेसाचंही तसंच. नाल्याच्या तोंडाशी कोरड्या दिवसांत टिकून राहणारा पांढरा फेस बहुतेक साबण-डिटर्जंटचा. पुराच्या गढूळ पाण्यावरचा तपकिरी फेस कुजलेल्या पाल्यापाचोळ्यानेही होतो. तपासणीचा अहवाल हातात नसेल तर 'विषारी' हा शब्द वापरू नकोस. एका चुकीच्या शब्दाने बाकीचे फोटोही संशयात येतात.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने दे, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रती तीन, त्यातली एक घराबाहेर. कॅमेऱ्याचं घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी जुळव. क्षितिज सरळ करायला हरकत नाही, रंग चढवायचे नाहीत.

घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, पात्रात भंगार वेचणारी मुलं चौकटीत ठिपक्याएवढी आली तर चालेल. जवळून हवी असतील तर खाली उतरून विचार. नाही म्हणाले तर नाही. पुलावरून झूम लावून चेहरे टिपणं मला तरी चोरीच वाटते.

प्रदर्शनाला ५२ फोटो, सगळे एकाच मापाचे, मॅट कागदावर. १३-१३ च्या चार ओळी लाव, एक ओळ म्हणजे एक तिमाही. खाली तारीख, वेळ आणि विसर्ग, बास. चांगले तेवढे निवडायचा मोह होईल. ढगाळ, कंटाळवाणे आठवडेही लाव, आणि आजारपणात चुकलेल्या रविवारची जागा रिकामी ठेव.

मुळा-मुठेचा संगम, बंडगार्डन या बाजूला नदीकाठ सुधार प्रकल्पाचं काम चालू आहे. तिथली एक दुसरी चौकटही आत्ताच घेऊन ठेव, 'आधी'चा फोटो नंतर काढता येत नाही. पहिल्या चार रविवारचे फोटो झाले की एकावर एक ठेवून पाठव, जोड्या जुळतात का बघू.

कळावे.