बुद्धिबळात इव्हान्स गँबिट (गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं मुद्दाम देऊन मोहरी लवकर बाहेर काढायची खेळी) मोठ्या लेव्हलला चालतो का?

चालतो की, आणि त्याचा सगळ्यात भारी पुरावा आपल्या विश्वनाथन आनंदच्याच विरुद्धचा आहे. १९९५, रिगा, माजी जगज्जेता मिखाईल तालच्या स्मरणार्थ भरलेली टुर्नामेंट, समोर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारा कास्पारोव्ह. आता हा गँबिट म्हणजे १८२० च्या दशकातल्या इव्हान्स नावाच्या वेल्श जहाज कॅप्टनचा, १९९५ पर्यंत टॉपचे लोक तो जवळपास विसरलेलेच, आणि कास्पारोव्हने चौथ्या चालीला सरळ बी४ करून (म्हणजे बी रांगेतलं प्यादं बी४ घरावर नेऊन) ते प्यादं देऊन टाकलं. आनंदने ते उंटाने खाल्लं, मग सी३ ला पांढरं प्यादं आल्यावर उंट ई७ ला मागे घेतला, म्हणजे जरा सेफच खेळला.

खरी मजा अकराव्या चालीला आहे. कास्पारोव्हचा वजीर जी३ ला आला आणि जी७ च्या प्याद्यावर डोळा ठेवून बसला, म्हणून आनंदला ते प्यादं पुढे ढकलून जी६ करावं लागलं, आणि तिथेच राजाजवळची काळी घरं उघडी पडली. पुढे पांढऱ्याचा उंट एच६ ला येऊन बसला की झालं, किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आड कोपऱ्यात नेणं) करायची सोयच राहिली नाही, राजा मधेच अडकला. शेवटी काळ्याकडे दोन प्यादी जास्त होती तरी २५ चालींत डाव सोडावा लागला, आनंदसारख्या माणसाला!

माझ्या मते गँबिट शिकायचा तर हाच डाव आधी बोर्डवर मांडून बघा, इंजिन (चाली सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) बंद ठेवून. प्रत्येक चालीला पांढऱ्याची किती मोहरी बाहेर आलीत आणि काळ्याची किती, एवढंच मोजत जा, प्याद्याच्या बदल्यात काय मिळतं ते आपोआप दिसेल.