दुसरीला दशक शिकवताना
दशकाचे गठ्ठे तुम्ही घरून बांधून आणू नका. दहा काड्या मोजून रबरबँड मुलानेच चढवायचा. दहा सुट्यांचा एक दशक होतो हे त्या बांधण्यातच कळतं. चौघांच्या गटाला 50 काड्या आणि 5 रबरबँड पुरतात. रबरबँड मात्र सूचना सांगून झाल्यावरच वाटा, नाहीतर नेमबाजी सुरू होते. जो जास्त ताणतो, त्यालाच ते मोजून परत गोळा करायला सांगा. ओरडण्यापेक्षा हे बरं.

‘चोवीस’ ऐकून मुलं 42 लिहितात, कारण उच्चारात चार आधी येतो. लगेच खोडू नका. एका गटाला 42 काड्या मांडायला लावा, शेजारच्या गटाला 24. फरक डोळ्यांना दिसतो. 32 मधून 5 काढताना सुट्या दोनच असतात, म्हणून एक गठ्ठा सोडावा लागतो; पण तो सोडायची घाई तुम्ही अजिबात करू नका, मुलालाच सुचू द्या.