फोटो फ्रेमच्या दुकानात हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं सांभाळायचं?

भांडण फ्रेम न्यायला आल्यावर होतं, पण मूळ बहुतेकदा अर्धवट पावतीत असतं. फ्रेमच्या पट्टीचा नंबर, माउंटचा (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याचा) रंग, काच की अॅक्रिलिक, सगळं लिहून सही घ्या. माप फोटोचं की बाहेरचं, हेही लिहा. 12 बाय 18 इंची फोटोला चहूबाजूंनी 2 इंच माउंट आणि इंचभर पट्टी लावली की भिंतीवर जवळपास 18 बाय 24 ची जागा लागते. "एवढी मोठी कशाला केली?" हा वाद इथूनच निघतो.

जुन्या फोटोवरचे डाग, चिरा गिऱ्हाइकासमोरच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. आजोबांचा फोटो काचेला चिकटलाय आणि "काढून द्याच" म्हणतात? ओढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करून नवी प्रिंट सुचवा.

पैठणीचा तुकडा फेविकॉलने चिकटवायला सांगणारेही येतात. सरळ नाही म्हणा. डाग वर उमटतो. बोर्डाला सुती दोऱ्याने टाके घाला, काच कापडाला टेकू देऊ नका.

घासाघीस करणाऱ्याला तीच फ्रेम स्वस्तात देऊ नका, हलकी पट्टी दाखवा. निम्मा अॅडव्हान्स आल्याशिवाय पट्टी कापायची नाही. कापलेली दुसऱ्या मापाला सहसा बसत नाही.