‘लागिरं’ म्हणजे प्रेम की भूतबाधा?

विदर्भातल्या एका ताईंनी विचारलंय: “‘लागिरं झालं जी’ ही मालिका बघताना मी लागिरं म्हणजे प्रेम असंच धरून चालले होते. साताऱ्याची मैत्रीण म्हणते, शब्द भुताखेताचा आहे. खरं काय? आणि शेवटी ‘जी’ कशाला?”

मैत्रिणीचं खरं आहे. आमच्या सातारा-सांगलीकडं लागीर म्हणजे बाहेरची बाधा. पोरगं तिन्हीसांजेचं ओढ्याकडनं आलं, रात्री तापानं फणफणलं, काहीबाही बरळायला लागलं की म्हातारी माणसं म्हणणार, “ह्येला लागीर झालंय.” मग मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकायच्या. ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात त्यातलं ‘लागणं’ या शब्दात उघड दिसतं. शब्द नपुंसकलिंगी, बोलण्यात त्याचंच लागिरं होतं.

याचं व्याकरण मात्र नीट बघण्यासारखं आहे. लागीर कुणी करत नाही, ते होतं. तिथं ‘मी’ नसतो, ‘मला’ असतो. ‘प्रेमात पडलो’ म्हणणारा निदान स्वतः पडलेला असतो. लागीर झालेल्याच्या हातात तेवढंही नसतं. मालिकेतला नायक अज्या आणि नायिका शितली यांचं नेमकं असंच आहे. त्याचा जीव फौजेत भरती होण्यात अडकलेला, ती फटकळ, कुणाचं ऐकून न घेणारी. दोघांची आधी भांडणंच. तरी झालं! एवढी गोष्ट एका शब्दात मावली, म्हणून मला हे नाव मराठी मालिकांच्या नावांत फार वरचं वाटतं. लेखक तेजपाल वाघ वाईचे, त्यामुळं शब्द घरचाच. सातारा जिल्ह्यात गावाच्या नावातच मिलिटरी असलेलं अपशिंगे आहे. फौजी व्हायचं वेड इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

2017 मध्ये झी मराठीवर ही मालिका आली, तोवर आमची बोली टीव्हीवर बहुतेक वेळा गड्याच्या नाहीतर हवालदाराच्या तोंडी, हसवण्यापुरती यायची. इथं नायिका त्याच बोलीत रुसली, रडली, प्रेमात पडली. शिवानी बावकर मुंबईची, पण तिच्या शितलीचा हेल कानाला खटकत नाही. किरण गायकवाडचा भैय्यासाहेब त्याच बोलीत धाक घालतो, आवाज न चढवता. आणि अज्याची आजी, जिजी! कराडच्या कमल ठोके, पेशानं शिक्षिका. अज्यावर ओरडतानाही त्यांच्या शब्दाच्या शेवटी माया ऐकू यायची. 2020 मध्ये त्या गेल्या, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

‘जी’बद्दल थोडक्यात. आदराचा ‘जी’ मराठीत आहेच. पण माझ्या मते इथला ‘जी’ पोवाड्यात झीलकरी ओढतात त्या ‘जी जी रं जी’मधला आहे. अर्थापेक्षा ठेक्यासाठी आलेला.

वापरायचा झाला तर ‘त्याला तिचं लागीर झालं’ असा वापरा. ‘त्या दोघांचं लागिरं आहे’ असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. प्रमाण लेखनात लागीर, संवादात लागिरं. मालिका 2019 मध्ये संपली, पण तरुण पोरांच्या तोंडी प्रेमाचा अर्थ राहिला. तेव्हा ताई, तुम्ही धरलेला अर्थही आता चुकीचा म्हणता येणार नाही. तो नंतर आलेला आहे, एवढंच.