बदलापूर-वांगणी पट्ट्यात नदीकाठची जमीन घेण्यापूर्वी स्थलनिर्देशक नकाशा कसा वाचावा?

ठाण्यातून बदलापूर-वांगणीकडे जागा पाहणाऱ्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण २७ जुलै २०१९ रोजी याच टापूत उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली होती.

स्थलनिर्देशक नकाशा म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा आणि नद्या-ओढे दाखवणारा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या अशा नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर अंतर असते. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीने येतात तिथे उतार तीव्र असतो; त्या विरळ होऊन नदीपासून दूर सरकतात, तो सपाट भाग बहुधा नदीचे पूरमैदान, म्हणजे पुराचे पाणी पसरण्याची जागा, असतो. मात्र या नकाशात लगतच्या दोन रेषांच्या उंचीत साधारणपणे २० मीटरचा फरक असल्यामुळे नदीकाठची पाच-सात मीटरची चढ-उतार, जिच्यावर घरात पाणी शिरणे अवलंबून असते, ती रेषांमध्ये दिसतेच असे नाही, म्हणून जवळचे स्थळउंचीचे आकडेही (नकाशावर एखाद्या ठिकाणी छापलेली त्या जागेची उंची) तपासावेत.

निळा रंग पाण्याचा. पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे ओढे मात्र काळ्या रेषांनी दाखवलेले असतात आणि खरेदीदार नेमके तेच नजरेआड करतात. जुन्या नकाशातील असा ओढा आजच्या उपग्रह-चित्रात भरावाखाली गेलेला दिसला, तर ती जागा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या रेषा, या नकाशात नसतात. त्यांपैकी निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची. त्यांची माहिती जलसंपदा विभागाकडे मागावी.