गेमिंगचा माउस आहेच, तर एडिटिंगलाही जुंप त्याला

प्रिय बाळा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बारा साइड बटणांचा माउस आणि लाइटवाला कीबोर्ड आधीच घरात आहे, बाबा म्हणतात याच्यावर नुसता खेळत असतोस, आणि आता लग्नाच्या सीझनमध्ये फोटो एडिटिंगची कामं मिळायला लागलीत तर यावरच भागेल का वेगळं काही घ्यावं लागेल, असं तुझं म्हणणं. भागेल की. साध्या दोन बटणांच्या माउसपेक्षा बरंच भागेल, फक्त गेमसाठी लावलेली बटणं जशीच्या तशी ठेवून कामाला बसू नकोस.

आधी एक कर. लाइटरूम क्लासिक, म्हणजे फोटो निवडायचं आणि सुधारायचं ते सॉफ्टवेअर, उघड, उजवा हात माउसवर ठेव आणि तो तिथून हलवायचा नाही असं ठरव. डावा हात कीबोर्डवर. आता फोटो रिजेक्ट करायचा एक्स, तो डाव्या हाताखालीच आहे, मस्त. पण पिक करायचा, म्हणजे फोटो ठेवायचा, पी पार उजव्या टोकाला, ठेवा-टाकाची ही खूण म्हणजे फ्लॅग, तो काढायचा यू पण तिकडेच, पुढच्या फोटोवर न्यायचा बाण त्याच्याही पलीकडे, आणि ब्रश लहानमोठा करायचे चौकोनी कंस पीच्या शेजारी. म्हणजे एकतर डावा हात अख्खा कीबोर्ड ओलांडणार नाहीतर उजवा हात माउस सोडणार, आणि दर वेळी नजर स्क्रीनवरून खाली जाणार ती वेगळीच. हे शॉर्टकट लक्षात राहावेत म्हणून नावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवलेत, हाताला जवळ पडावेत म्हणून नाही. तेव्हा साइड बटणांवर काय टाकायचं हा प्रश्न इथेच सुटतो, जे डाव्या हाताला आपोआप सापडतं ते माउसवर टाकायचंच नाही, आणि ज्याच्यासाठी हात लांब जातो ते आधी टाकायचं. कंट्रोल-झेड माउसवर टाकणारे खूप पाहिलेत मी, काही गरज नसते, डाव्या हाताला ते झोपेतही येतं.

एक अपवाद सांगते. एका फोटोची सेटिंग कॉपी करायचं कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टचं कंट्रोल-शिफ्ट-व्ही, दोन्ही डावीकडेच आहेत, पण तीन बोटं वाकडी करून दिवसभर ते दाबत बसलास तर संध्याकाळी पोळीचा तुकडा मोडायला मनगट कुरकुरेल. ती दोन माउसवर घे.

आता छाटणीचं, म्हणजे ठेवायचे आणि टाकायचे फोटो वेगळे करायचं. तू गेरचे, आपल्या इंदूरच्या रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचे, फोटो काढलेस म्हणालास ना रंगपंचमीला, राजवाड्यासमोर, तर तिथे बर्स्टवरच, एका दाबात धडाधड फोटो निघतात त्यावरच, बोट ठेवलेलं असणार, टँकरमधून रंग उडताना कोण एकेक फ्रेम काढतं! अशा ढिगात माउस खरा उपयोगी पडतो. कॅप्स लॉक चालू ठेव, म्हणजे फ्लॅग दिला की लाइटरूम स्वतःच पुढच्या फोटोवर जातं, बाण लागतच नाही. अंगठ्याखालच्या सगळ्यात सोप्या बटणावर पी, त्याच्या शेजारी एक्स. हो, एक्स डावीकडे आहे हे मीच वर लिहिलंय, पण छाटताना दोन्ही निर्णय एकाच अंगठ्याने घेतले तर डावा हात मोकळा राहतो आणि चहा पिता येतो, थट्टा नाही करत. तिसऱ्या बटणावर झेड, म्हणजे झूम, डोळे शार्प आहेत का ते बघायला. पहिल्या फेरीत एवढंच. स्टार देत बसू नकोस, १ ते ५ चे स्टार आणि ६ ते ९ चे रंगीत लेबल हे दुसऱ्या फेरीचं काम, आणि ते आकडे कीबोर्डवरूनच दे.

गेरच्या फोटोंची अजून एक गंमत म्हणजे व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून, ड्रॉपर कुठे टेकवायचा तेच कळत नाही, फ्रेममध्ये पांढरं असं काही उरलेलंच नसतं, दातसुद्धा गुलाबी. तिथे रंग उडायच्या आधी त्याच उजेडात काढलेला एखादा फोटो शोध, त्याचा बॅलन्स नीट कर आणि बाकीच्यांवर पेस्ट कर. बघ, पेस्टचं बटण लगेच कामाला आलं.

लाइटरूमच्या डेव्हलप मॉड्यूलमधली, म्हणजे जिथे फोटोचा उजेड-रंग सुधारतो तिथली, एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पूर्णविरामाची की दाबली की पुढचा स्लायडर निवडला जातो, स्वल्पविरामाने मागचा, मग अधिक-उणे चिन्हांनी तो कमीजास्त होतो आणि अर्धविरामाने परत शून्यावर येतो. पाचही की उजव्या बाजूला, म्हणजे परत आपलं तेच दुखणं. तुझ्या माउसचं चाक डावी-उजवीकडे कलत असेल तर अधिक-उणे त्या कलण्यावर टाक, स्लायडर बदलायच्या दोन्ही की अंगठ्याकडे दे. मग कर्सर फोटोवरून हलवायलाच लागत नाही, नजर नवरीच्या चेहऱ्यावर आणि एक्स्पोजर बोटाखाली.

फोटोशॉपसाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे बटणांची वेगळी मांडणी, कर. जी हब, सिनॅप्स, आयक्यू, ज्या कंपनीचा माउस त्यांचं सॉफ्टवेअर, बहुतेकांत प्रोग्राम बदलला की प्रोफाइल आपोआप बदलायची सोय असते. पण दोन्हीकडे बटणांचा अर्थ जमेल तितका सारखा ठेव, नाहीतर अंगठा गोंधळतो. ब्रशचे चौकोनी कंस दोन्ही प्रोग्राममध्ये तेच काम करतात, तर ते एकाच जागी. झूमचं बटणही तेच, फोटोशॉपमध्ये त्याला शंभर टक्के दाखवणारं कंट्रोल-१ दे. आणि बारा बटणं आहेत म्हणून बाराही भरलीच पाहिजेत असं नाही रे, पाच-सहा पुरे. मागच्या ओळीतली बटणं दाबायला अंगठा आत मुडपावा लागतो, दिवसातून हजारदा तसं केलं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडे, दुखणं धरतं आणि ते लवकर सोडत नाही. तिथे क्वचित लागणाऱ्या गोष्टी टाक.

मॅक्रोबद्दल, म्हणजे एका बटणात रेकॉर्ड केलेल्या कींच्या मालिकेबद्दल, तू फार उत्साहाने लिहिलंयस, एका बटणात लेयर डुप्लिकेट, ब्लर, मास्क, सेव्ह, सगळं. हे माउसच्या मॅक्रोत नको रेकॉर्ड करूस. मॅक्रो आंधळा असतो, ठरलेल्या वेळाने की दाबत सुटतो, मोठ्या फाइलवर फोटोशॉप अजून ब्लर करतंय का हे तो बघत नाही, आणि माउसच्या क्लिक रेकॉर्ड केल्या असतील तर पॅनल जरा सरकलं की भलतीकडेच क्लिक. त्यासाठी फोटोशॉपमध्येच ॲक्शन आहे, पायऱ्या रेकॉर्ड करून ठेवायची त्याची स्वतःची सोय, ती एक पायरी पूर्ण झाल्यावरच पुढची घेते. ॲक्शनला कंट्रोल-एफ ९ वगैरे फंक्शन की देता येते, मग माउसच्या बटणाने तेवढी एकच की पाठवायची. बटण गेमिंगचं, डोकं फोटोशॉपचं.

डीपीआयच्या, म्हणजे माउस किती संवेदनशील आहे त्याच्या, आकड्यावर भाळू नकोस. लॉजिटेकच्या जी ५०२ हिरो माउसच्या माहितीत २५,६०० लिहिलंय, आपल्याला ८०० ते १६०० मध्ये सगळं होतं. विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन बंद कर, म्हणजे हात जेवढा हलेल तेवढाच कर्सर हलेल. आणि गेममध्ये नेम धरायला जे स्नायपर बटण वापरतोस, दाबून धरलं की कर्सर मंदावतो ते, ते अजिबात काढू नकोस, मुंडावळ्यांच्या कडेने मास्क करताना, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडताना, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. केस आणि त्वचेच्या बारीक कामाला मात्र पेन टॅबलेटच, माउसला दाब कळत नाही, कितीही बटणं असोत.

कीबोर्डच्या लाइटचं सांगते, आणि हे जरा रागावूनच. रंग बघताना ते इंद्रधनुष्य बंद. पूर्ण बंद, नाहीतर मंद पांढरं. स्क्रीनखाली गुलाबी-जांभळा उजेड नाचत असेल तर डोळा त्याला सरावतो आणि तू नवरदेवाला गुलाबी करून पाठवतोस, मग त्याची आत्या फोन करते. कीखालचे स्विच निळे, म्हणजे टकटक वाजणारे, असतील तर रात्री आजी झोपल्यावर टकटक ऐकू जाणारच, पुढे कधी बदलायचा झाला तर सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन लाल आणि ब्राउन स्विच स्वतः दाबून बघ, ऑनलाइन व्हिडिओतला आवाज ऐकून नको ठरवू.

दुसऱ्याच्या स्टुडिओत जाऊन काम करायचं असेल तर माउसमध्ये स्वतःची मेमरी आहे का ते बघ. असेल तर साधी बटणं त्यात सेव्ह होतात आणि तिथल्या कॉम्प्युटरवर काहीच इन्स्टॉल न करता चालतात. प्रोग्रामप्रमाणे आपोआप बदलणं तेवढं तिथे होणार नाही, त्यासाठी सॉफ्टवेअर चालू लागतं, म्हणून मेमरीत लाइटरूमचंच प्रोफाइल ठेव.

राहिला तो डाव्या हाताचा वेगळा छोटा कीपॅड, रेझरच्या टार्टारससारखा. चांगली वस्तू आहे, पेनने काम करताना तर फारच, कारण पेनाला बटणं सहसा मोजून दोन. पण तुझ्याकडे अजून टॅबलेट नाही, मग आत्ता नको घेऊस रे. ते पैसे दुसऱ्या हार्ड डिस्कला लाव, गेरच्या सगळ्या रॉ फाइल, कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल, एकाच डिस्कवर पडल्यात असं तूच लिहिलंयस, आणि लग्नाचं पहिलं काम पुढच्या आठवड्यात येतंय.

तुझी,
मावशी